आखाचं सील आणि कोंडलेला दम

श्रोतेहो, आमच्या अमळनेरात बैलगाडीच्या आखाला वंगण देणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. चाक कुरकुरलं, की वंगणाची आठवण व्हायची. मोटारीचा आख मात्र फार उशिरा कुरकुरतो. आधी तो गुपचूप गळतो.

वडिलांची ॲम्बेसेडर अजून आमच्या दारात आहे. या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण आमची धावतेच आहे. एकदा धुळ्याहून परतताना ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. पुढे कापसाने भरलेली बैलगाडी होती. थोडक्यात निभावलं! घरी येऊन पाहतो, तर मागचं उजवं चाक आतून तेलाने ओलं.

मागच्या आखात गिअर ऑइल असतं. ते चाकाकडे येऊ नये म्हणून टोकाशी रबरी सील असतं. सील झिजलं, की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर भिजतात. मी एका गॅरेजात सील बदललं. दोन महिन्यांत पुन्हा गळती. पुन्हा बदललं, पुन्हा तेच.

शेवटी एक वयस्कर मिस्त्री गाडीखाली शिरले. आखावरचा चिमुकला ब्रीदर त्यांनी काढून दाखवला. काळ्या मातीने गच्च बुजलेला. म्हणाले, "सीलना दोष नही भाऊ, गाडीना दम कोंडायेल शे." चालताना तेल आणि हवा तापते. हवेला वाट मिळाली नाही, की ती तेलाला सीलबाहेर रेटते. आमचं आपलं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

त्यांनी ब्रीदर साफ केला, बेअरिंग तपासलं. नव्या सीलच्या ओठाला तेलाचं बोट लावून, ओठ तेलाच्या बाजूला ठेवून, ते सरळ ठोकून बसवलं. भिजलेले लायनर धुऊन वापरू दिले नाहीत. दोन्ही बाजूंचे बदलले. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमधलं जुनं ग्रीस रॉकेलने धुतलं, वाळवलं, मगच नवं भरलं. तेही बेताने, कारण ठासून भरलेलं ग्रीस तापतं.

तेव्हा श्रोतेहो, चाकाच्या आत ओल दिसली, तर नुसती फडक्याने पुसू नका. ती ब्रेकपर्यंत पोचलेली असू शकते. आणि सील बदलताना एवढं जरूर विचारा, ते गेलं कशानं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)