मुलासाठीं सायकलीचें मागील आसन



मुंबईहून कसाऱ्याकडे जातांना आसनगांवच्या पुढचें स्टेशन आटगांव. तेथें सकाळच्या गाडीच्या वेळीं बाहेर उभें राहिलें, तर सायकलीवरून मूल नेण्याचे निदान चार प्रकार दृष्टीस पडतात. कोणी मुलाला पुढच्या दांडीवर टॉवेलाची घडी घालून बसवितो. कोणी मागें कॅरिअरवर बसवितो आणि "घट्ट धर" एवढाच आधार देतो. कोठें कॅरिअरवर आई आणि आईच्या मांडीवर मूल असते. आणि क्वचित् एखाद्यानें मागें खरोखरीचें आसन बसविलेलें असतें. पहिले तीन प्रकार फुकटचे आहेत व चौथ्याला पैसे पडतात, तेव्हां पहिले तीन अधिक कां आढळतात हें सांगावयास नको. मी आज चौथ्याविषयीं बोलणार आहें.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं मीं एक चूक केली आणि तिची किंमत माझ्या मुलीनें दिली. १९९२ सालीं ती चार वर्षांची होती. शाळा सुटल्यावर मी तिला कॅरिअरवर घोंगडीच्या घडीवर बसवून घरीं आणीत असें. एके दिवशीं उतारावर तिला झोंप लागली, पाय सैल पडला आणि टांच मागच्या चाकाच्या तारांत गेली. सायकल थांबली ती ब्रेकानें नव्हे. वरून पाहतां थोडें खरचटलें होतें आणि सूज होती. ज्या दवाखान्यांत नेलें तेथें मलम लावून घरीं पाठविलें, आणि मलाहि हायसें वाटलें. चौथ्या दिवशीं टांचेवरची कातडी काळी पडली. पुढें मांडीची कातडी काढून तेथें लावावी लागली.

चाकाच्या तारांत पाय सांपडण्याची इजा अशीच फसवी असते. जखम लहान दिसते, पण तारा आणि सायकलीची चौकट यांच्यामध्यें कातडी व तिच्याखालचें मांस चिरडून निघालेलें असतें, आणि त्याचा परिणाम कांहीं दिवसांनीं वर येतो. म्हणून अशा पायाचा क्ष-किरणांनीं फोटो काढून घ्यावा, आणि जखम क्षुल्लक वाटली तरी पुढचे आठ दिवस ती डॉक्टरांना पुन्हां पुन्हां दाखवावी. हें मला तेव्हां कोणीं सांगितलें नाहीं. मीं विचारलेंहि नाहीं.

आतां तीच मुलगी सकाळच्या गाडीनें कल्याणास नोकरीवर जाते, आणि तिची तीन वर्षांची कन्या दिवसभर आमच्याकडे असते. नातीला बालवाडींत पोंचविण्याचें काम साहजिकच माझ्याकडे आलें. लेक एवढेंच म्हणाली, "अण्णा, तिला सायकलीवरून न्यायची असेल तर न्या. पण आधीं आसन आणा, आणि तें तुम्हीच पारखून आणा." बोलतांना ती पायांत सँडल घालीत होती. उजव्या पायाच्या सँडलचा मागचा पट्टा ती अजूनहि टांचेखालीं दुमडून घालते.

दुकानांत गेलें कीं दुकानदार प्रथम गादी दाखवितो. गादीवर ससे असतात, हत्ती असतात, आणि आजोबा मंडळी तेथेंच विरघळतात. श्रोत्यांना माझी विनंती आहे कीं गादी शेवटीं पाहावी. आसन उलटें करून पायांची जागा आधीं पाहावी. सायकलींचा देश म्हणून ख्यातनाम असलेल्या हॉलंडांत कायदाच असा आहे कीं आठ वर्षांखालील मुलाला सायकलीवर न्यावयाचें, तर पाठ, हात आणि पाय यांस पुरेसा आधार देणाऱ्या सुरक्षित आसनावरच न्यावें. आपल्याकडे मोटारसायकलीपुरता एक नियम झाला आहे. केंद्र सरकारनें तो फेब्रुवारी २०२२ मध्यें काढला व तो वर्षभरानें अमलांत आला. चार वर्षांखालील मुलाला पट्टा आणि शिरस्त्राण बांधावें, व वेग ताशी ४० किलोमीटरांवर नेऊं नये, असें तो सांगतो. साध्या सायकलीला तो लागूं नाहीं. तेथें पारख ज्याची त्यानेंच करावयाची.

पायांसाठीं दोन गोष्टी हव्यात. एक, पाऊल ठेवण्याची खोलगट जागा, जिच्यांत तें पट्ट्यानें बांधतां येईल. दुसरी, पाय आणि चाक यांच्यामध्यें सलग भिंत. नुसतें पायदान पुरत नाहीं, कारण मूल जागें असतें तोंपर्यंतच पाय पायदानावर राहतो. मला प्रथम दाखविलेल्या लोखंडी सळईच्या खुर्चीला पायदान होतें, पण भिंत नव्हती. सळयांमधून माझा हात सहज चाकाच्या जागेपर्यंत गेला. ती खुर्ची सर्वांत स्वस्त होती. ज्यांच्या घरीं अशी खुर्ची आधींच आहे, त्यांनीं ती टाकून द्यावी असें मी म्हणत नाहीं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनीं बारीक जाळी किंवा पत्रा बसवून घ्यावा; कोणताहि सायकलवाला तेवढें काम करून देईल.

पाठीचा टेका मुलाच्या खांद्याच्या वर, डोक्याला आधार मिळेल इतका उंच असावा, आणि शिरस्त्राण घातल्यावर डोकें पुढें ढकललें जाऊं नये म्हणून तेथें थोडी पोकळी असावी. पट्टा दोन्ही खांद्यांवरून व पायांमधून येणारा हवा. नुसता कमरेचा पट्टा असला तर झोंपलेलें मूल खालून तरी निसटतें, नाहीं तर एका कुशीला लोंबतें. चाप मात्र असा असावा कीं मुलाला स्वतः उघडतां येऊं नये. शिरस्त्राण सायकलीचें व मुलाच्या मापाचें घ्यावें. मोटारसायकलीचें कोंवळ्या मानेला जड होतें. याच कारणासाठीं एक वर्षाच्या आंतील मुलाला या आसनांत बसवूं नये. वरची मर्यादा बहुतेक आसनांवर २२ किलो लिहिलेली असते. माझी नात किराणा दुकानाच्या काट्यावर साडेबारा भरली.

यानंतर आपली सायकल पाहावी. कांहीं आसनें कॅरिअरवर आवळतात. आमच्याकडे याच कॅरिअरवरून पन्नास किलोंचें पोतें जातें, मग मुलाचें काय, असें मला एकानें विचारलें. तांदळाचें पोतें हलत नाहीं, मूल हलतें; जुन्या कॅरिअरचे जोड हळूहळू त्यानेंच तडकतात. दुसरा प्रकार सीटखालच्या उभ्या नळीला चिमट्यानें धरणारा. त्यांत दोन पोलादी सळयांवर आसन तोललेलें असतें, म्हणून खड्ड्यांचा धक्का थोडा कमी लागतो. मीं हा पसंत केला. त्याचा चिमटा २८ ते ४० मिलिमीटर जाडीच्या गोल नळीला बसतो असें वेष्टणावर छापलें होतें. माझ्यापाशीं जाडी मोजण्याचें साधन नव्हतें. दोऱ्यानें नळीचा घेर मोजला, तो ९० मिलिमीटर भरला. त्याला बावीस सप्तमांशानें भागलें, २८.६ आले. इतकीं वर्षें मुलांकडून करून घेतलेलें हें गणित मला प्रथमच बाजारांत उपयोगी पडलें.

आसनाचा भार मागच्या आंसाच्या फार मागें जाऊं नये. दहा सेंटिमीटरांहून अधिक मागें नको, असें बनविणारेच सांगतात. तो मागें गेला कीं चढावर पुढचें चाक हलकें होतें आणि हँडल हातांत राहत नाहीं.

दोन गोष्टी मात्र मला दुकानांत सुचल्या नाहींत. पहिली, सीटखालच्या स्प्रिंगा. मुलाचे हात नेमके त्यांच्याशीं येतात, आणि आपण टेकलों कीं त्या मिटतात; बोट सांपडलें तर चेंगरतेंच. मीं जुन्या दप्तराच्या कॅनव्हासाचें वेष्टण शिवून त्यांवर चढविलें. दुसरी गोष्ट सायकलीवर बसण्याची. दांडीच्या सायकलीवर आपण पाय मागून फिरवून बसतों, आणि मागें मूल असतां तो पाय त्याच्या तोंडाशीं येतो! दांडीवरून पुढून पाय टाकणें माझ्या वयाला शोभणारें नाहीं, झेपणारेंहि नाहीं. शेवटीं माझी जुनी सायकल देऊन वर कांहीं रुपये घातले व बिनदांडीची बायकांची सायकल घेतली. तिची नळीहि तेवढ्याच घेराची निघाली, म्हणून आसन वायां गेलें नाहीं. स्टेशनावर कांहीं दिवस थट्टा झाली, ती सोसली.

नातीच्या आधीं मीं त्या आसनांत बारा किलो तांदूळ पट्ट्यांनीं बांधून दोन दिवस फिरविले. ब्रेक लावल्यावर सायकल किती लांब जाऊन थांबते, वळतांना ती कशी ओढते, हें त्यावरून कळलें. मागच्या टायरांत हवाहि थोडी अधिक लागते. (डनलप या पशुवैद्यानें ज्याचें पेटंट १८८८ सालीं घेतलें, तो हवेचा टायर त्यानें मुळीं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठींच बनविला होता.) आणखी एक: सायकल स्टँडवर लावून मुलाला आसनांत एकटें क्षणभरहि ठेवूं नये. उभी सायकल कलंडली तर मूल बांधलेलें असल्यामुळें तिच्याबरोबरच पडतें. आधीं मूल उतरवावें, मग पिशवी, मग कुलूप.

त्या संध्याकाळीं लेक गाडीनें परतली. सँडल न काढतांच ती सायकलीपाशीं बसली. पायाच्या भिंतीमागें बोटें घालून तिनें चाक हातानें फिरवून पाहिलें, पट्टे ओढून पाहिले, आणि मग नातीला म्हणाली, "उद्यां आजोबांबरोबर जा हं."

पावसाळ्याचें मात्र मीं तिला आधींच सांगून ठेवलें आहे. आमच्याकडचा पाऊस आणि माझ्या सायकलीचे रॉडचे ब्रेक यांचें जमत नाहीं. रिम ओली झाली कीं रबर धरतच नाहीं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही दोघें एका छत्रींत पायींच जातों.