मनकवड्याची विद्या

'मनकवडा' हा आपल्या भाषेतला मोठा गोड शब्द आहे. पोरगा परीक्षेहून घरी येतो, दारात चपला भिरकावतो, आणि ओट्याशी पाठमोरी उभी असलेली आई विचारते, "काय रे, पेपर अवघड गेला वाटतं?" तिने पोराचे मन वाचले काय? छे! तिने चपलांचा आवाज वाचला. चार मंडळींच्या बैठकीत मनातले ओळखून दाखवणारा जादूगारही हेच करतो. आईला जे मायेने साधते, ते तो अभ्यासाने साधतो, इतकाच फरक. हा अभ्यास कसा करावा, आणि विद्या हाती आल्यावर तिच्याशी कसे वागावे, याविषयी आज थोडे बोलू.

आधी एका जनावराची गोष्ट. नंदीबैल तुम्ही पाहिलाच असेल. "बोल नंदी, यंदा पाऊस पडेल का?" असे नंदीवाला विचारतो, आणि नंदी झुली-घुंगरांसकट मान डोलावतो. दोरीचा हिसका, ढोलाचा ठेका, आवाजातला चढउतार, यांवर तो तयार केलेला असतो हे आपण जाणतो. पण १९०४ साली जर्मनीत, बर्लिन शहरी, एका घोड्याने भल्याभल्यांना कोड्यात टाकले. घोड्याचे नाव हान्स, मालकाचे नाव फॉन ऑस्टेन, पेशाने निवृत्त शिक्षक. बेरीज विचारा, तारीख विचारा, हान्स टापा आपटून अचूक उत्तर देई. तज्ज्ञांची समिती बसली. तिला लबाडी काही सापडेना. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याला काय आढळले? विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सची पंचाईत होई. विचारणारा दिसेनासा झाला, तरीही तेच. प्रश्न विचारून झाला की माणसाची मान किंचित पुढे झुके. घोडा टापा आपटू लागे. बरोबर आकडा आला की तीच मान केसभर वर उचलली जाई, घोडा थांबे. नंदीवाल्याला आपण खूण करतो हे माहीत असते. बिचाऱ्या ऑस्टेनना ते माहीतच नव्हते!

मनकवड्याच्या विद्येचा पहिला धडा तो हाच. मनातली गोष्ट माणूस ओठांत दाबून धरतो, पण अंगाला ती दाबता येत नाही.

आता हा धडा घरी गिरवून पाहा. पाहुण्याच्या हाती एक रुपया द्या आणि त्याच्याकडे पाठ करा. सांगा, "कोणत्याही एका मुठीत रुपया घ्या. ती मूठ कपाळाला लावा, दुसरा हात खाली सोडा, आणि रुपयाचे चित्र मनात आणा." मनात सावकाश तीस मोजा. मग म्हणा, "आता दोन्ही मुठी माझ्यापुढे धरा," आणि लगेच वळा. जो हात वर होता त्यातले रक्त थोडे उतरलेले असते. त्याच्या पाठीवरच्या शिरा बसलेल्या दिसतात, कातडी जराशी फिकी वाटते. खाली सोडलेल्या हाताच्या शिरा फुगलेल्या असतात. वर्ण सावळा असेल तर रंगाकडे पाहू नका, शिराच पाहा. हा फरक थोड्याच वेळात नाहीसा होतो, म्हणून नजर चटकन टाकायची आणि चटकन काढून घ्यायची.

पुढे जे करायचे त्यातच खरी कला आहे, बरं का! हाताकडे पाहत उत्तर दिलेत तर पाहुणा म्हणेल, "असं होय! हात बघून सांगितलंत." म्हणून त्याच्या डोळ्यांत पाहा, घटकाभर थांबा, "उजवा... नव्हे, मला चकवू नका, डावाच," असे म्हणा. कधी चुकाल. चुकलात तर हसून पुन्हा करा. क्वचित झालेल्या चुकीने खेळ बिघडत नाही, उलट तो अधिक खरा वाटतो.

दुसरा धडा बोलण्याचा. रस्त्यावरच्या खेळात चादरीखाली निजलेला जमुरा आठवा. उस्ताद गर्दीतून फिरतो, कोणाच्या तरी हातातली वस्तू पाहतो आणि ओरडतो, "जमूरे, जल्दी बोल, साहब के हाथ में क्या है?" चादरीतून उत्तर येते, "घड़ी!" उत्तर प्रश्नातच दडवलेले असते. 'जल्दी बोल' म्हणजे घड्याळ, 'सोच के बोल' म्हणजे रुमाल, असे काहीबाही दोघांत ठरलेले. पॅरिसचा प्रसिद्ध जादूगार रोबेर-उदँ याने १८४६ साली आपल्या मुलाला, एमिलला, डोळे बांधून बसवून असाच खेळ रंगभूमीवर आणला आणि पॅरिस वेडे केले. पण नुसत्या खुणांवर तो विसंबला नव्हता. बापलेक दुकानांवरून चालत जात, आत एक नजर टाकत, आणि पुढे गेल्यावर आत काय काय दिसले ते आठवून सांगत. तुम्हीही किराणा दुकानावरून जाताना हे करून पाहा. पहिल्या दिवशी पाचसहा वस्तू आठवतील. महिन्याभरात किती आठवू लागतात ते तुमचे तुम्हीच मोजा.

तिसरा धडा मात्र जपून घ्यावा. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. "हे तुम्हांला कितपत लागू पडते? पाचपैकी गुण द्या." सरासरी गुण पडले ४.२६! मग फोररने गुपित फोडले. सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि त्यातला बराचसा ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेला होता. आपला कुडमुडे जोशी दुसरे काय करतो? "मनात पुष्कळ आहे, पण बोलून दाखवत नाहीस. लोकांसाठी झिजलास, पण हाताला यश नाही." सांगा पाहू, हे कोणाला लागू पडणार नाही? सांगणारा मोघम बोलतो. ते आपल्या आयुष्याला बेतून घेण्याचे काम ऐकणाराच करतो.

म्हणूनच ही विद्या शिकणाऱ्यावर एक वेळ हटकून येते. खेळ संपतो, टाळ्या पडतात, मंडळी पांगतात. आणि एखादी बाई मागे थांबून हळूच विचारते, "माझा मुलगा घर सोडून गेलाय हो. तो कुठं आहे, तेवढं सांगाल का?" या वेळी तुमची खरी परीक्षा असते. चार मोघम वाक्ये तुमच्या जिभेवर तयार असतात. ती बोललात तर बाई पाया पडेल, पदराची गाठ सोडून पैसेही काढील. आणि मुलाला शोधायचे ते दिवस ती तुमच्या शब्दावर विसंबून घालवील. तिला बसायला द्या, पाणी द्या आणि स्पष्ट सांगा, "बाई, मला ठाऊक नाही. मी दाखवला तो हातचलाखीचा खेळ. पोलिसांत खबर दिलीत का? चला, मी बरोबर येतो."

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचा देखावा करून पैसे मिळवणे, त्या नावाने लोकांना फसवणे, हा त्यात गुन्हा ठरवला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळांतून, गावांतून असले 'चमत्कार' आधी करून दाखवतात आणि मग त्यांतली मेख उलगडून सांगतात. तुम्ही करमणुकीसाठी खेळ करणार असाल तर मेख उलगडण्याची सक्ती तुमच्यावर नाही. कोडे आधीच फोडले तर गंमत कसली? पण एक पथ्य पाळा. युक्ती सांगू नका. युक्ती आहे, हे मात्र कधी लपवू नका. खेळाच्या आरंभी ते एकदा सांगून टाका. त्याने रंग मुळीच उणावत नाही. युक्ती आहे हे कळूनही ती सापडत नाही, तेव्हाच प्रेक्षक खरा चकित होतो; आणि कोणाचेही काही न गमावता, हसतमुखाने घरी जातो.