बसऱ्याला गेलेले काका



माझ्या आजीचं माहेर साताऱ्याकडचं. तिथं सर्वपित्री अमावस्येला एक पान जास्त वाढायचे. ते कुणाचं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बसऱ्याला गेलेल्या काकांचं.’ आजीचे हे चुलते पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. ते कधी वारले हे घरी कुणालाच कळलं नाही. ज्याची तिथी ठाऊक नाही, त्याचं पान अमावस्येला.

आजी गेल्यावर मी त्यांचा शोध घ्यायचं ठरवलं. वंशावळी जुळवून देणारं एक संकेतस्थळ सापडलं. ‘मोफत शोधा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. नाव टाकलं तर बऱ्याच नोंदी सापडल्या म्हणून दाखवलं, पण पहिलीच नोंद उघडायला गेले तेव्हा कार्डाचा नंबर मागितला. थोडे दिवस फुकट, मग दरमहा पैसे कापणार. मी नंबर दिला. त्या नोंदींत आपल्याकडचा एकही माणूस नव्हता, आणि मुदतीच्या आत खातं बंद करायचं राहिलं म्हणून दोन महिन्यांचे पैसे गेले.

तेव्हापासून मी आधी एकच विचारते: ज्या कागदावर आपलं माणूस सापडेल, तो कागद मुळात कुणी लिहिला आणि कशासाठी? साऱ्यासाठी लिहिला असेल तर तो महसूल खात्याकडे असणार. शिपाई कामी आला म्हणून लिहिला असेल तर लष्कराच्या दप्तरात. लिहिणारी किंवा सांभाळणारी संस्था सार्वजनिक असली, तर तो कागद पुष्कळदा तिच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतो. मधल्या माणसाला पैसे द्यायची गरज उरत नाही.

लढाईत कामी आलेल्यांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं. ही संस्था १९१७ साली सनदेनं स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावर ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले आणि दुसऱ्या महायुद्धातलेही मृत शोधता येतात. खातं उघडावं लागत नाही, कार्ड लागत नाही. शोधताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपल्या शिपायांचं नाव आणि आडनाव तिथं बहुधा एकत्रच आडनावाच्या रकान्यात लिहिलेलं असतं. म्हणून नुसतं जाधव शोधून भागत नाही, नावापासून सुरुवात करावी लागते. स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. मी आमच्या काकांचं नाव सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं. सहाव्या खेपेला दोन नोंदी आल्या. दोघांचं नाव एकच, दोघेही सातारा जिल्ह्यातले, पलटणी वेगळ्या, आणि दोघांच्याही नावापुढे बसरा मेमोरियल. एकाच्या नोंदीत बापाचं नाव होतं, दुसऱ्याच्या नोंदीत गावाचं नाव धड वाचताही येईना.

आता काकांच्या वडिलांचं नाव हवं होतं, आणि ते घरात कुणाला सांगता येईना. पुन्हा तोच प्रश्न: हे नाव कुणी लिहिलं असेल? गावचा जन्म-मृत्यूचा हिशेब पूर्वी कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये होत असे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा तहसिलांच्या अभिलेख कक्षांतली ही बुकं, हक्कपत्रकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं बाहेर निघाली. अनेक जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर त्यांची पानं तालुका आणि गाववार चढवलेली आहेत. ती जातीच्या दाखल्यांसाठी चढवली, पण ज्याला पणजोबांच्या वडिलांचं नाव हवं आहे त्याच्यासाठी हा मोठा ठेवा आहे.

पानं बहुतेक मोडीत. मला मोडी येत नव्हती. रोज रात्री अर्धा तास, असे चार महिने मी बाराखडी गिरवली. मग एका पानावर आजीच्या वडिलांचा जन्म सापडला, आणि शेजारी बापाचं नाव. आमच्याच घरातलं अक्षर असावं तसं मी ते कितीदा तरी वाचलं.

बायकांची नावं मात्र या बुकांत फार हाती लागत नाहीत. छापील कुलवृत्तांतांतही, जे आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट वाचता येतात, लेकी लग्नापाशी संपतात. त्यांना शोधायचं तर वारसाचे फेरफार पाहा. बाप वारल्यावर जमिनीला वारस लावताना, विशेषतः १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर, मुलींची नावं सासरच्या आडनावासह लिहिलेली सापडतात. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बिनसहीचा सातबारा पाहायला पैसे पडत नाहीत आणि फेरफारांचे क्रमांक त्यावर असतात. तो क्रमांक घेऊन तलाठ्याकडे किंवा तहसिलीत जायचं. नकलेचं थोडं शुल्क पडतं, ते खुशाल द्यावं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला असंच कळलं. आम्ही तिला जन्मभर सासरच्या नावानं ओळखत होतो.

याखेरीज राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ आहे. फॅमिलीसर्चही मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं तिथं आहेत. ती नावानं शोधण्यापेक्षा पानं उलटत वाचावी लागतात, तेव्हा सवड काढून बसा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडची नामावळी बघायची तर जाऊनच बघितलेली बरी.

कोतवाल बुकातलं बापाचं नाव त्या दोन शिपायांपैकी एकाशी जुळलं. बसऱ्याच्या त्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली फक्त आकडा आहे. नाव आहे ते नोंदवहीत. तारीख १९१६ च्या जुलैअखेरची.

मी ती आईला वाचून दाखवली. तिनं पंचांग जाणणाऱ्या शेजाऱ्यांना बोलावून घेतलं. आषाढ वद्यातली तिथी निघाली. गेल्या वर्षी त्या दिवशी काकांचं पान वाढलं.