आत्मकथन : रकान्याबाहेरची हकिकत



शिरूर तालुक्यात कारेगावच्या शिवारालगत रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हा कोणत्या गटाचे किती क्षेत्र कोणाच्या नावे गेले याची नोंद फेरफारावर व सातबाऱ्यावर रीतसर झाली असेल. परंतु ज्याने त्या मातीत औत धरले आणि ज्याचा मुलगा पुढे तेथेच पाळीवर जाऊ लागला, त्याच्या मनाची हकिकत लिहिण्याजोगा रकाना कोणत्याही सरकारी दप्तरात नसतो. ती ज्याची त्यानेच लिहावयाची असते. ती कशी लिहावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या कामी वरसईचे विष्णुभट गोडसे आपले पहिले गुरू होत. घरच्या कर्जाच्या विवंचनेने, मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, हे भिक्षुक काकांसह उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडून झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून उतारवयात लिहिलेला त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. इतिहासकाराचा आव न आणता ते आपले भय आणि गाठीच्या द्रव्याची काळजी सांगत जातात, म्हणूनच तो काळ आपल्यासमोर प्रत्यक्ष उभा राहतो. तेव्हा प्रसंगाच्या घटकेस आपणांस जेवढे ठाऊक होते तेवढेच लिहावे. मागाहून आलेले शहाणपण त्या घटकेवर लादू नये.

दुसरा धडा लक्ष्मीबाई टिळकांचा. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा संसार दुभंगला. तरीही 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या पतीला दोषांसकट आणि औदार्यासकट, त्याच्याच बोलण्यातून, उभे करतात. निवाडा मात्र वाचकावर सोपवितात. दुखावणाऱ्या माणसासही असा न्याय देणे हे आत्मकथनातील सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे व्रत होय.

कारेगावच्या माझ्या बंधुभगिनींनो, आरंभ जन्मतिथीपासून करू नका. ज्या दिवसाने आयुष्याची वाट पालटली, तो एकच दिवस घ्या. कोण काय बोलले, ताटात काय होते, हाती किती रुपये होते, ते लिहा. मग त्या दिवशी हजर असलेल्या वडीलधाऱ्यांना ते वाचून दाखवा, आणि "असे नव्हते रे" असे ते जेथे म्हणतील, तेथून पुन्हा लिहावयास बसा.