तक्त्याबाहेरचा ॲरिस्टॉटल



स्वागताध्यक्षाने निवास-भोजनाची माहिती द्यावी आणि खाली बसावे, अशी रीत आहे. ती मी पाळणारच आहे. पण अधिवेशनाला ‘ग्रीकांचा राज्यविचार’ हा विषय ठेवून माईक माझ्या हाती दिलात, तेव्हा थोडे सोसावे लागेल.

ॲरिस्टॉटलचा सहा घरांचा तक्ता आपण राज्यशास्त्राचे अध्यापक सारेच फळ्यावर काढतो. सत्ता एकाची, थोड्यांची, अनेकांची. इकडे चांगल्या राज्यपद्धती, तिकडे बिघडलेल्या. लोकशाही बिघडलेल्यांत! मुले पाठ करतात, गुण मिळवतात. पण राज्य किती जण करतात यापेक्षा कोणाच्या हितासाठी करतात, ही त्याची कसोटी. शिवाय तक्ता मांडून झाल्यावर तो स्वतःच त्यावर शंका घेतो. श्रीमंतच बहुसंख्य असले आणि सत्ता त्यांच्याकडे असली, तर ती लोकशाही म्हणायची का? त्याचे उत्तर रोखठोक आहे: संख्येचा भाग योगायोगाचा, धनिकशाही आणि लोकशाही यांतला खरा भेद श्रीमंती-गरिबीचा. हे उत्तर मार्गदर्शकांत क्वचितच सापडते.

प्लेटोची लोकशाहीवरची नाराजी मला समजते. इ.स.पू. 404 मध्ये अथेन्सवर तीस जुलमींची राजवट आली, तिच्यात त्याचे नातेवाईक होते. लोकशाही परतली आणि 399 मध्ये तिने त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, विष प्यायला लावले. दोन्हींकडून पोळलेला माणूस तो. ॲरिस्टॉटल मात्र अथेन्समध्ये परका रहिवासी, सभेत मत नसलेला. म्हणूनच की काय, तो थंड डोक्याने लिहितो. पदे चिठ्ठ्या टाकून भरणे ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही धनिकशाहीची, असे तो सहज नोंदवून जातो. आपल्या मतपेटीकडे पाहताना हे वाक्य मला अस्वस्थ करते.

अथेन्सच्या त्या सभेत स्त्रियांना आणि गुलामांना जागा नव्हती, हेही परिसंवादात कोणीतरी ठणकावून सांगायला हवे.

भोजन दीड वाजता, शेजारच्या मंडपात. निवासात काही उणे असेल तर थेट मला सांगा, कार्यकर्त्यांवर रागावू नका. आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. दोन दिवस नुसते निबंध वाचू नका. ॲरिस्टॉटलशी भांडा, एकमेकांशीही भांडा.