बिडीचा धूर आणि आपली भीड

आज बचत गटाच्या गप्पांत विषय आहे बिडी-सिगारेटचा. तुम्ही म्हणाल, हा तर पुरुषांचा विषय. आम्हीही तसंच म्हणत होतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीची सून सातव्या महिन्यात होती. तिला तपासणीला तालुक्याला न्यायचं म्हणून आम्ही तिघी निघालो. एसटी चुकली, मग काळीपिवळी धरली. नेहमीसारखीच कोंबून भरलेली. पुढच्या सीटवर एका आजोबांनी बिडी पेटवली. वारा समोरून, धूर सगळा मागे. सुनेनं नाकाला पदर लावला, तरी थोड्या वेळानं तिला उलटी झालीच. आणि आम्ही तिघी, गटात एवढ्या बोलणाऱ्या, गप्प. म्हातारं माणूस, कोणाच्या तरी नात्यातलं निघायचं, घरी गोष्ट जायची. शेवटी एकीनं धीर केला, "बाबा, पोरगी दोन जीवांची आहे." त्यांनी मागे वळून बघितलं, "काही नही व्हस, माय," म्हणाले आणि बिडी संपेपर्यंत ओढली.

ते मनाचे वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की काही होत नाही. पण दुसऱ्यानं सोडलेल्या धुरानं पोटातल्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. लहान मुलांना दमा होतो, छाती भरते, कान दुखतात. ओढणारा एक आणि भोगणारे दहा, असा हा व्यवहार आहे.

पुढच्या बैठकीत वाद झाला, सार्वजनिक ठिकाणी बिडीला बंदी असावी का? तेव्हा आपल्या आशाताई म्हणाल्या, बंदी कधीचीच आहे! मुंबईचे मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले होते. त्यावर 2 नोव्हेंबर 2001 ला कोर्टानं दवाखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि बसगाड्यांत धूम्रपान थांबवायला सांगितलं. 2003 साली कायदा झाला. 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे नवे नियम लागू झाले, त्यात बसस्टँडही आलं. दंड 200 रुपयांपर्यंत. काळीपिवळीही सार्वजनिक वाहनच. म्हणजे त्या दिवशी कायदा आमच्याच शेजारी बसला होता, आम्हाला ओळख नव्हती.

दंडाचं ऐकून एक मावशी चिडल्या. "दिवसभर उन्हात राबणाऱ्याकडून दोनशे रुपये घेणार? आणि गाडीतल्या साहेबाच्या सिगारेटला कोण हात लावणार?" मावशींचं बोलणं खोटं नाही. सिन्नरच्या, सोलापूरच्या किती बाया बिड्या वळून घर चालवतात, तेही कोणीतरी काढलं. पण बंदी बिडीवर नाही, बिडी कुठे ओढायची त्यावर आहे. शेताच्या बांधावर ओढली तर कोणाची ना नाही. सरकारी पाहणीत, 2016-17 च्या, आपल्या महाराष्ट्रात शंभर मोठ्या माणसांत जेमतेम चारजण ओढणारे निघाले. चौघांनी दहा मिनिटं थांबायचं की शहाण्णवांनी नाक दाबायचं? आमचं मत पक्कं झालं, बंदी हवीच. पण आधी हात जोडून सांगणं, पावती त्यानंतर.

त्याच पाहणीत दुसरा आकडा होता, तो ऐकून आम्ही जरा शांत बसलो. तंबाखू खाणारे, मिसरी लावणारे शंभरात चोवीस. त्यात आपण आहोत. गावात विषय काढला तेव्हा एका भाऊंनी तोंडावर विचारलं, "तुमच्या मिसरीच्या डबीचं काय?" उत्तर नव्हतं. मिसरीचा धूर शेजारणीच्या नाकात जात नाही, एवढंच म्हणता आलं. पण सकाळी चुलीवर तंबाखू भाजताना घरभर ठसका उठतोच की. आमच्यातल्या दोघींनी डबी सोडली आहे. एक पुन्हा लावायला लागली, तेही खरं सांगून टाकतो.

आता आम्हाला यात सगळ्यात कामाचं काय वाटलं ते सांगतो. सासरे, दीर, गावचे मोठे, यांना "बिडी विझवा" म्हणायची आपल्याला सवय नाही. म्हटलं तर उद्धट ठरतो. पण भिंतीवर पाटी असली की बोलणारी सून नसते, पाटी असते. "बाबा, ते बघा काय लिहिलंय," एवढं म्हटलं की पुरतं. नियमाप्रमाणे पाटी किमान 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर उंच हवी. आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नावही तिथे लिहावं लागतं. तक्रार येऊनही त्यानं काही केलं नाही, तर दंड त्यालाच. शाळेत मुख्याध्यापकांना, पोस्टात पोस्टमास्तरांना दंड करायचा अधिकार आहे.

घराच्या ओट्यावर मात्र ही पाटी लागत नाही. तिथला धूर आपला आपणच बोलून काढायचा आहे. अजून आम्हाला ते जमलेलं नाही.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाटी लागली. रंग गटाच्या पैशातून आणला, अक्षरं दहावीतल्या एका मुलीनं काढली. पाटीवर सगळं आहे, फक्त नावाची जागा रिकामी आहे. कोणी पुढे येईना. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होईल, तेव्हा आम्ही ते नाव मागणार आहोत. तुमच्या गावच्या पाटीवर कोणाचं नाव आहे, ते बघून आम्हाला कळवा.