शर्ट धुऊ नका

घरातल्या माणसावर खुनासारख्या गुन्ह्याचा संशय आला, तर त्याचे कपडे धुऊ नका. आज मला एवढंच सांगायचं आहे, आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

वकिलीत हे चित्र मी वरचेवर पाहिलं. मुलगा अपरात्री घरी येतो, जेवत नाही, नजर देत नाही. आई त्याचा शर्ट उचलते आणि एक शब्द न विचारता साबणाच्या बादलीत बुडवते. बाहीवरचा डाग ब्रशने घासघासून काढते. वडील म्हणतात, आठ दिवस मामाकडे जाऊन राहा. मामाही दार उघडतो. सगळं मायेपोटी. पण सकाळपर्यंत संशयित एकाचे चार झालेले असतात.

खुनासारख्या, फाशीपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात गुन्हेगाराला वाचवायला पुरावा नाहीसा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 प्रमाणे 7 वर्षांपर्यंत कैद आहे. आसरा दिला, तर कलम 249 प्रमाणे 5 वर्षांपर्यंत. आसऱ्याच्या कलमात नवरा-बायकोला सूट आहे. आईला नाही, बापाला नाही, भावाला नाही. पुराव्याच्या कलमात तर नवरा-बायकोलाही नाही. जुन्या दंडसंहितेत हीच कलमं 201 आणि 212 होती. 1 जुलै 2024 पासून आकडे बदलले, बाकी तेच.

आणि मुलगा निर्दोष असेल तर? तो डाग त्याच्याच रक्ताचा असेल, भांडण सोडवताना लागलेला असेल, तर तपासणीत ते निघालं असतं. तो शर्टच त्याचा साक्षीदार होता. आता कोर्टात विचारतील, काही केलंच नव्हतं तर धुतला कशाला? म्हणून सांगतो, बायांनो, हात आवरा.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आपण त्यावर कॅलेंडर टांगतो. पाहुण्यांना दिसत नाही एवढंच. मागे पोपडे सुटतच असतात, ओल खाली उतरते, शेजारच्या खोलीत जाते, आणि गवंड्याला बोलावेपर्यंत तुळई कुजलेली असते. कॅलेंडर काढा, गवंडी लवकर बोलवा. इथला गवंडी म्हणजे वकील.

कुणी म्हणेल, म्हणजे पोटच्या पोराला वाऱ्यावर सोडायचं? मुळीच नाही! एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत 17 वर्षं बॉम्ब पाठवून तीन माणसं मारणाऱ्याचा दीर्घ मजकूर 1995 साली वर्तमानपत्रात छापून आला. डेव्हिड काझिन्स्की नावाच्या माणसाच्या बायकोला आधीच आपल्या दिरावर संशय होता. मजकूर वाचल्यावर डेव्हिडलाही त्यात आपल्या भावाची भाषा ओळखू येऊ लागली. त्याने वकिलामार्फत पोलिसांपर्यंत ते पोचवलं. 1996 च्या एप्रिलमध्ये भावाला अटक झाली. आणि मग हाच डेव्हिड भावाला फाशी होऊ नये म्हणून झगडला. जन्मठेप झाली, जीव वाचला. भावाने त्याच्याशी संबंध तोडले, तरी डेव्हिडने त्याला टाकलं नाही. ही खरी साथ.

आपल्याकडे मुलाला अटक झाली, तर 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे. तिथे हजर राहा. वकील भेटू द्या म्हणा, तो त्याचा हक्क आहे. जामिनाला उभे राहा, तुरुंगात भेटायला जा, डबा पोचवता येतो का विचारा. यातलं काहीही गुन्हा नाही. फक्त तो शर्ट…



वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तिथे जा. फोन करायचा तर 15100. लिहून घ्या, 15100.